जनुक, वाण आणि रक्त : आनुवंशिकीच्या मराठी परिभाषेचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

आनुवंशिकी आणि तिची धाकटी बहीण म्हणावी अशी रेणवीय जीवविज्ञानाची शाखा, या दोहोंचे मूलभूत शब्द मराठीत कोणते असावेत, हा प्रश्न वरवर पाहता कोशकारांच्या दालनातला आणि म्हणून चार विद्वानांपुरताच मर्यादित भासतो. परंतु अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याकडे पाहिले असता हा समज टिकत नाही. या एकाच जिल्ह्यात राहुरीस १९६८ साली स्थापन झालेले आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ आहे. प्रवराकाठी सहकारी साखर कारखान्यांच्या आसऱ्याने वाढलेला उसाचा आणि दुधाचा मुलूख आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यातील डोंगरात, कोंभाळणे गावी, राहीबाई पोपेरे यांनी जतन केलेली गावरान बियाण्यांची बँक आहे. एकच वस्तू विद्यापीठाच्या पत्रकात 'संकरित वाण', बाजारात 'हायब्रीड' आणि शाळेच्या पुस्तकात 'संकरज संतती' अशा निरनिराळ्या नावांनी वावरते. ज्या शेतकऱ्याच्या पदरी ती पडते, त्याचा पुढल्या हंगामाचा हिशेब त्या नावाच्या अर्थावर बसतो किंवा फसतो. तेव्हा या परिभाषेची आजवरची वाटचाल, तिच्याविषयीचे प्रमुख पक्ष आणि अद्याप न सुटलेल्या गाठी यांचा तपशील एके ठिकाणी मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

पूर्वपीठिका

मूळ शास्त्राचीच शब्दसंपदा फारशी जुनी नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६५ साली वाचून दाखविले आणि १८६६ साली छापले, तेव्हा त्यांच्याजवळ 'घटक' याहून नेमका शब्द नव्हता. गुणसूत्राचे पाश्चात्त्य नाव वाल्डेयर यांनी १८८८ साली दिले. मेंडेल यांचे नियम १९०० साली नव्याने उजेडात आल्यावर बेटसन यांनी शास्त्राचे नामकरण केले आणि योहान्सन यांनी १९०९ साली 'जीन' हा शब्द रूढ केला. म्हणजे जे शब्द आज सनातन भासतात, ते आपल्या पणजोबांच्या हयातीत घडले आहेत.

मराठीत हे शास्त्र आले ते प्रथम नियतकालिकांच्या वाटेने. १९२८ साली सुरू झालेल्या 'सृष्टिज्ञान' मासिकासारख्या प्रकाशनांनी विज्ञान मराठीतून सांगण्याची सवय लावली, परंतु शब्द ठरविण्याची मुखत्यारी त्या काळी ज्याच्या त्याच्या हाती होती. राज्यस्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि त्याच्या विद्याशाखांनुसार निघालेल्या परिभाषा कोशांनी या मुखत्यारीला दप्तरी स्वरूप दिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईस सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने आपला परिभाषासंग्रह १९७३ साली, म्हणजे पहिला खंड निघण्याच्याही तीन वर्षे आधी, प्रसिद्ध केला. आधी शब्दांची नाणी पाडावी आणि मग व्यवहार सुरू करावा, असाच हा शिरस्ता होता. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने हीच नाणी सामान्य वाचकांच्या हाती खेळविली. केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ सालचा. त्याचे काम प्रामुख्याने हिंदीसाठी झाले असले, तरी त्याची छाया मराठीवर पडल्यावाचून राहिली नाही.

ही छाया सर्वत्र हितकारक ठरली असे मात्र म्हणवत नाही. मराठीत 'अणू' म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्मतम कण आणि 'रेणू' म्हणजे अशा अणूंचा संयोग. हिंदीत पहिल्यास 'परमाणु' आणि दुसऱ्यास 'अणु' म्हणतात. त्यामुळे आपण ज्यास रेणवीय जीवविज्ञान म्हणतो त्यास हिंदीत 'आण्विक जीवविज्ञान' असे नाव आहे, आणि हिंदी पुस्तकावरून घाईने टिपणे काढणारा मराठी विद्यार्थी अणुशक्तीचा आणि वाटाण्याच्या फुलांचा संबंध शोधीत बसतो. 'पेशी'ची कथा याहून गमतीची आहे. संस्कृतात आणि हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. मराठीने तो शब्द सजीवाच्या मूल एककास दिला, शालेय पुस्तकांनी तो रुजविला, आणि विश्वकोशाने मात्र त्याच अर्थी 'कोशिका' पसंत केली. दहावीपर्यंत पेशी शिकलेल्या मुलाने विश्वकोश उघडला की त्याला वाटावे, आपण दुसऱ्याच प्राण्याच्या देहात येऊन पडलो.

तीन पक्ष

या वादात स्थूलमानाने तीन पक्ष संभवतात.

पहिला पक्ष संस्कृतोद्भव नवशब्दांचा. त्याचे म्हणणे असे की, शास्त्रीय शब्द एकटा येत नसतो, तो आपले कुटुंब घेऊन येतो, आणि हे कुटुंब पोसण्याची ताकद संस्कृत धातूंइतकी दुसऱ्या कशातही नाही. 'जनुक' म्हटले की 'जनुकीय' आपोआप येते. 'गुणसूत्र' म्हटले की 'समगुणसूत्र', 'लिंगगुणसूत्र' ही नावे न शिकविता कळतात. या पक्षाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे हे दोन शब्दच होत. 'जनुक' हा शब्द 'जन्' धातूपासून घडविलेला आणि योहान्सन यांचा शब्दही ग्रीक भाषेतील त्याच आदिम मुळाचा, त्यामुळे नाद आणि अर्थ या दोन्ही अंगांनी तो मुळाशी नाते सांगतो. 'गुणसूत्र' तर मुळाहूनही सरस उतरला आहे. पाश्चात्त्य नावाचा शब्दार्थ 'रंगीत पिंड' एवढाच, कारण रंजकद्रव्य घातले असता ते सूक्ष्मदर्शकाखाली रंगून दिसत. गुजरातीने त्याच अर्थास धरून 'रंगसूत्र' केले. मराठीने रंग सोडून गुण धरला आणि वस्तूचे कार्यच तिच्या नावात आणले.

परंतु याच पक्षाच्या टांकसाळीतून 'युग्मविकल्पी' बाहेर पडला. एकाच लक्षणाच्या जनुकाची पर्यायी रूपे, एवढा साधा अर्थ सांगावयास हा शब्द आधी स्वतःच समजावून घ्यावा लागतो. प्रति-उपसर्गाची उधळपट्टीही अशीच तापदायक झाली आहे. डीएनएची दुसरी प्रत तयार होणे ही 'प्रतिकृती', त्यावरून आरएनए उतरणे हे 'प्रतिलेखन', आणि विषाणूविरुद्ध देह जे निर्मितो ते 'प्रतिपिंड'. परीक्षेच्या आदल्या रात्री हे तीन शब्द एकमेकांच्या अंगरख्यात शिरतात.

दुसरा पक्ष आंतरराष्ट्रीय शब्द जसेच्या तसे नागरी लिपीत ठेवावेत असे म्हणणाऱ्यांचा. विश्वकोशाने 'जीन' हाच शब्द स्वीकारून हा पक्ष काही अंशी मान्य केला होता, हे विशेष, कारण त्याच विश्वकोशाचे इतर गद्य पुरेसे तत्सम आहे. या पक्षाची भूमिका केवळ आळसाची नव्हे. शास्त्र जागतिक आहे, त्याची चिन्हे आणि लघुरूपे जागतिक आहेत, आणि बारावीनंतर विद्यार्थ्यास ज्या ग्रंथांशी गाठ घालावयाची असते ते मराठीत नाहीत. मग मध्येच एक पूल बांधून पुन्हा तो मोडण्यात काय हशील, असा त्यांचा सवाल आहे. डीएनएच्या बाबतीत व्यवहाराने त्यांच्या बाजूने निर्णय दिलाच आहे. त्याचे आम्लसूचक लांबलचक नाव कोणी उच्चारीत नाही आणि 'अमुक पक्षाच्या डीएनएतच ते आहे' असे वाक्य वर्तमानपत्रांत बिनदिक्कत छापून येते. उलट 'जीन'ला मराठीत आधीपासूनच फारसीतून आलेला घोड्यावरच्या खोगिराचा अर्थ आहे, सरकी काढण्याच्या कारखान्यासही खेडोपाडी जिनच म्हणतात, आणि विजारीचा अर्थ तर पोरासोरांनाही ठाऊक आहे. एका शब्दावर इतके स्वार बसविणे इष्ट नाही, असे पहिल्या पक्षाचे त्यावर उत्तर आहे.

तिसरा पक्ष लोकभाषेचा. त्याचे लेखी समर्थन थोडे, पण प्रत्यक्ष राज्य मोठे. शेती, पशुपालन आणि कचेरी यांत जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळले आहेत त्यांनाच शास्त्रीय अर्थ द्यावा, असे हा पक्ष म्हणतो. त्याचे सामर्थ्य दाखविणारे एक उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या मते अद्याप कोणी पुरेसे वापरलेले नाही. पेशीच्या केंद्रकात डीएनएची मूळ प्रत असते. ती बाहेर जात नाही. तिच्यावरून आवश्यक तेवढ्याच भागाचा आरएनए उतरवून तो केंद्रकाबाहेर पाठविला जातो, आणि त्याबरहुकूम प्रथिन बनते. सात-बाराच्या उताऱ्यासाठी ज्याने तालुक्याच्या कचेरीत एकदा तरी खेप घातली आहे, त्यास हे 'प्रतिलेखन' न म्हणता 'नक्कल काढणे' म्हटले तर पुढे खुलासा करावा लागत नाही : मूळ दप्तर कचेरीतच राहावयाचे, पक्षकाराच्या हाती फक्त नक्कल, आणि तीही मागितलेल्या गटापुरतीच. दोष एवढाच की, 'नक्कल' शब्दास थट्टेचा आणि परीक्षेतील लबाडीचा वासही चिकटला आहे. शालेय पुस्तकातील प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण ही त्रयी त्या दृष्टीने निर्दोष आहे, पण निर्जीवही.

शेतातील परिभाषा

नगर जिल्ह्याच्या संदर्भात हा भाग सर्वांत समृद्ध आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

बियाण्याच्या दर्जांची मराठी नावे पाहावीत. पीकशास्त्रज्ञाने स्वतःच्या देखरेखीखाली वाढविलेले ते 'पैदासकार बियाणे', त्यापासूनचे 'पायाभूत', त्यापासूनचे 'प्रमाणित', आणि उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेले ते 'सत्यप्रत'. यांतील 'पैदासकार' हा शब्द फारसी वंशाचा आहे आणि कोणत्याही विद्वत्सभेने त्याची शुद्धी केलेली नाही. तरीही तो शासकीय पत्रकांत आणि शेतकऱ्याच्या तोंडी सारख्याच सहजतेने वावरतो. ऊस लावावयाचा तर बियाण्याऐवजी 'बेणे' लागते. डोळ्यांच्या कांड्यांपासून उगवणारे पीक आणि दाण्यापासून उगवणारे पीक यांत आनुवंशिक भेद असा की, बेण्यापासूनचा ऊस मूळ वाणाची हुबेहूब आवृत्ती असतो, दाण्यापासूनचे रोप तसे असेलच असे नाही. हा भेद मराठीने आनुवंशिकी जन्मण्यापूर्वीच दोन स्वतंत्र शब्दांत बांधून ठेवला होता.

याच्या उलट 'संकर' शब्दाचे प्राक्तन. गीतेच्या पहिल्या अध्यायातील वर्णसंकराच्या भयाने तो आधीच मलिन झालेला, तशात १९६४ साली संकरित ज्वारीचा पहिला वाण देशात प्रसृत झाल्यावर 'हायब्रीड' हा शब्द मराठी घरात शिरला तो भाकरीच्या चवीची तक्रार घेऊनच. 'हायब्रीड पिढी' म्हणजे दिसावयास टपोरी पण कसहीन, हा अर्थ लोकांनी स्वतः दिला. त्याच वेळी सोलापूरकडील मोहोळची निवड असलेली मालदांडी ज्वारी जामखेड-कर्जतच्या रब्बी रानांत मान टिकवून होती, त्यामुळे तुलनेचे साधनही हाताशी होते. शास्त्रदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट मात्र या चवीच्या वादात बाजूस पडली. 'सुधारित' वाणाचे दाणे राखून पुढील हंगामात पेरता येतात. 'संकरित' वाणाचे दाणे पेरले असता दुसऱ्या पिढीत मेंडेल यांच्या नियमानुसार लक्षणे विखुरतात आणि शेत एकसारखे राहत नाही. 'सुधारित' आणि 'संकरित' हे विशेषणांचे जोडपे कानाला जवळपास सारखे लागते, आणि ज्या ठिकाणी फरक सर्वाधिक ठळक हवा होता नेमके तेथेच परिभाषा गुळगुळीत झाली आहे.

डाळिंबाचे उदाहरण नामकरणाच्या दुसऱ्या व्याधीचे आहे. राहुरीच्या विद्यापीठाने प्रसारित केलेला 'भगवा' हा वाण बाजारात शेंदरी, केशर, अष्टगंधा अशा नावांनीही ओळखला जातो. फळ एक, वाण एक, नावे चार. एकाच आनुवंशिक वस्तूस अनेक नावे असणे हा व्यापाऱ्यास सोयीचा आणि नोंदणी करणाऱ्यास जाचक प्रकार होय. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने 'वाण' शब्दास कायदेशीर व्याख्या दिली आणि 'शेतकऱ्यांचा वाण' असा स्वतंत्र वर्ग मानला, त्यामुळे हा प्रश्न आता केवळ शब्दांचा उरलेला नाही. राहीबाईंच्या संग्रहातील वाल-घेवड्यांच्या आणि भाताच्या जाती ज्या नावांनी अकोल्याच्या डोंगरात ओळखल्या जातात, ती नावे म्हणजेच त्या वाणांचा जुना दाखला. बीजमाता म्हणून गौरविल्या गेलेल्या आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या या बाईंची परिभाषा 'गावरान' या एका शब्दाभोवती फिरते. शास्त्रज्ञ त्यास 'स्थानिक वाण' म्हणतील. परंतु गावरान शब्दात चव, काटकपणा आणि आपलेपणा यांची जी बेरीज आहे, ती 'स्थानिक' या कोरड्या शब्दात उतरत नाही. उलट, गावरान म्हणजे अपरिवर्तित, हा जो समज त्या शब्दातून पसरतो तो शास्त्रास मान्य होण्यासारखा नाही, कारण दर वर्षी शेतकऱ्याची बाई कणसे निवडून ठेवते तेव्हा तीही पैदासकाराचेच काम करीत असते.

आता गोठ्याकडे वळावे. राहुरीस विकसित झालेली 'फुले त्रिवेणी' ही गाय तीन जातींच्या संयोगाची आहे : निम्मी होल्स्टीन फ्रिजियन, पाव जर्सी आणि पाव गीर. हे प्रमाण सांगताना पशुवैद्यकापासून दूधसंस्थेच्या सचिवापर्यंत सर्व जण 'विदेशी रक्त पंचाहत्तर टक्के' असे बोलतात. रक्ताची ही भाषा मेंडेलपूर्व आहे. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात, असा जो जुना समज, तो मेंडेल यांनी खोडून काढला. गुण मिसळत नाहीत, ते अखंड कणांच्या रूपाने पुढे जातात, एखाद्या पिढीत लपतात आणि पुढल्या पिढीत पुन्हा वर येतात. टक्केवारी ही सरासरी आहे. अशा दोन गायींच्या पुढील संततीत प्रत्येक कालवडीच्या वाट्यास नेमके कोणाचे किती जनुक येतील, हे रक्ताच्या अपूर्णांकावरून सांगता येत नाही. तरीही गोठ्यात रक्तच बोलले जाते, आणि अकोल्याच्या पावसात टिकून राहणाऱ्या डांगी गाईचा किंवा संगमनेरी शेळीचा 'शुद्ध रक्ता'चा अभिमानही त्याच भाषेत व्यक्त होतो.

दवाखाना, कचेरी आणि कायदा

मानवी आनुवंशिकीत परिभाषेची चूक अधिक महागात पडते. मेंडेल यांच्या जोडशब्दांस मराठीत 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' असे प्रतिशब्द आहेत. व्यवहारात अप्रभावी म्हणजे ज्याचा परिणाम होत नाही ते, जसे अप्रभावी औषध. सिकलसेलचा दोष हा याच वर्गातला. आईबाप दोघेही निरोगी दिसणारे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा जोडप्यास 'तुमचा दोष अप्रभावी आहे' असे सांगणे म्हणजे खोटा दिलासा देणे होय. आरोग्यसेवकांनी हा शब्द बाजूस ठेवून 'वाहक' आणि 'रुग्ण' एवढीच विभागणी रूढ केली आहे, ती योग्यच म्हटली पाहिजे. 'अप्रकट' हा पर्याय उपलब्ध असूनही मागे का पडला, हे कळत नाही.

'आनुवंशिक' या शब्दाच्या पोटातील 'वंश'ही तपासण्यासारखा आहे. वारसनोंदीस किंवा जातपडताळणीस जी वंशावळ लागते ती बापाकडून बापाकडे जाते, आणि 'वंशाचा दिवा' म्हणजे मुलगाच. शास्त्र सांगते ते निराळे. केंद्रकातील गुणसूत्रे आई आणि बाप दोघांकडून निम्मी-निम्मी येतात, तंतुकणिकेतील डीएनए तर आईकडूनच येतो, आणि अपत्याचे लिंग बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. ज्या शब्दावर शास्त्राचे नाव उभे आहे त्याचा लौकिक अर्थच शास्त्राच्या विरुद्ध साक्ष देतो.

कायद्याच्या बाजूस शब्दनिवडीला पक्षपाताचा रंग चढतो. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाल्यापासून समर्थक 'जनुकीय सुधारित' म्हणतात आणि विरोधक 'जनुकीय फेरफार केलेले'. पहिल्यात शिफारस आहे, दुसऱ्यात आरोप. तणनाशकास दाद न देणाऱ्या बेकायदा कापूसबियाण्यास खेड्यांनी 'चोर बीटी' हे नाव दिले, त्यात निदान लपवाछपवी नाही. २०२५ साली जीनोम-संपादित भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले तेव्हा 'संपादन' हा शब्द पुढे आला. परक्या जीवाचा जनुक घालणे आणि वनस्पतीच्या स्वतःच्याच जनुकात बारीक दुरुस्ती करणे यांत नियम आता भेद करतात, म्हणून वेगळा शब्द हवाच होता. परंतु धरणे आणि रस्ते यांपायी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या लेखी संपादन म्हणजे भूसंपादन. 'तुमच्या भाताचे जनुकसंपादन झाले आहे' असे म्हटल्यास मोबदला कधी मिळणार, असा प्रश्न त्यांनी केला तर तो गैर ठरणार नाही.

अनिर्णीत बाबी

सर्वांत अवघड गाठ शब्दाची नसून वस्तूची आहे. 'जनुक' म्हणजे नेमके काय, हे मूळ शास्त्रातही स्थिर राहिलेले नाही. १९०९ साली ती एक कल्पना होती. १९४४ साली ॲव्हरी यांच्या प्रयोगांनी तिला डीएनएचा देह दिला, १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी त्या देहाची घडण दाखविली. १९७७ साली असे आढळले की, अनेक जनुकांत अर्थपूर्ण भागांच्या मधेमधे गाळून टाकावयाचा मजकूर असतो. मानवी जनुके लाखभर असावीत असा अंदाज होता, प्रत्यक्षात प्रथिने घडविणारी सुमारे वीस हजारच निघाली, आणि एकूण डीएनएच्या मानाने त्यांचा प्रथिनांचा मजकूर शेकडा दोनांहूनही कमी भरतो. त्यामुळे 'जीनोम'साठी वापरला जाणारा 'जनुकसंच' हा प्रतिशब्द आज अपुरा ठरतो, कारण त्या संचात जनुकांखेरीजच बहुतेक सर्व काही आहे. 'जनुक' मात्र या स्थित्यंतरांतून तगला. तो मुळात अर्थाने फारसा भरलेला नव्हता, म्हणून नवा अर्थ त्यात मावत गेला. जे शब्द जन्मतःच व्याख्या होऊन आले, त्यांना ही सवलत मिळाली नाही.

'जाती'चाही निकाल लागलेला नाही. शालेय वर्गीकरणात 'प्रजाती' हा वरचा गट आणि 'जाती' हा खालचा. वर्तमानपत्रे हिंदीच्या अनुकरणाने खालच्या गटासच प्रजाती म्हणतात, शेतकरी वाणास जात म्हणतो, पशुपालक डांगीस जात म्हणतो, आणि समाजातील जात तर सर्वांस ठाऊकच आहे. एकाच शब्दाने माणसामाणसांतील सामाजिक भेद आणि जीवाजीवांतील नैसर्गिक भेद दाखवावेत, ही सोय आहे की धोका, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. हा शब्द बदलण्याचा हुकूम मात्र कोणतीही समिती काढू शकणार नाही.

प्रस्तुत लेखकाचा कौल विचाराल तर 'जनुक', 'गुणसूत्र' आणि 'पेशी' यांचा दावा मंजूर झाला आहे. 'युग्मविकल्पी' आणि 'अप्रभावी' नामंजूर करावेत. 'पैदासकार' आणि 'बेणे' यांना शास्त्रीय कोशात मानाने दाखल करावे. परिभाषेची फेरतपासणी जेव्हा होईल तेव्हा समितीने एक बैठक राहुरीच्या बियाणे विक्री केंद्राच्या ओसरीवर आणि दुसरी अकोल्याच्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रात भरवावी, अशी विनंती आहे. तोवर, ज्या एका बाबीवर तिन्ही पक्षांत दुमत नाही ती वाचकांनी आजपासूनच अमलात आणावी : शब्द 'अनुवांशिक' नव्हे, 'आनुवंशिक' असा लिहावा.